बाहेर राहणाऱ्या कोल्हापूरकरानं आपलं जुनं कोल्हापूर कसं शोधावं

कोल्हापूर सोडून पुण्या-मुंबईला, बेंगलोरला नाहीतर थेट परदेशात गेलेल्या माणसाचं गावी आल्यावरचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "काय राहिलं नाही बघ पहिल्यासारखं." तावडे हॉटेलपाशी गाडी आत वळली की हे चालू होतं. मग दोन दिवसात मिसळ, अंबाबाई, रंकाळ्यावर भेळ, तांबडा-पांढरा, स्टेटसला चार फोटो, पार्किंगला शिव्या आणि परत हायवे. करा की, कोण नको म्हणतंय, पण ह्यातनं जुनं गाव काही सापडत नाही, नुसती हळहळ वाढते, आणि घरात जे अजून तिथंच राहतात त्यांना तुमचा कंटाळा येतो तो वेगळाच.

मी गेली काही वर्षं जरा पद्धतशीर फिरतोय, ती पद्धत इथं लिहितो. तुमचं गाव सांगली, सातारा, इचलकरंजी असेल तर नावं बदलून घ्या. एकच गोष्ट आधी सांगतो: इमारती शोधायला जाऊ नका. वाडा पाडला, थेटर पाडलं, हॉटेल बंद पडलं ह्याची यादी करत बसलात तर संध्याकाळपर्यंत डोकं उठतं. त्यापेक्षा पाणी कुठं होतं, नावं कुठली टिकली आणि गावाचं वेळापत्रक काय होतं ह्या तीन गोष्टी धरा. इमारत पडते हो, पण ह्या तीन गोष्टी घालवायला शहराला लई वेळ लागतो.

घरी बसून करायचं काम

निघायच्या आधी एक मोठा कागद घ्या आणि लहानपणचं गाव आठवणीनं काढा. गुगल मॅप उघडायचा नाही. शाळेला जायचा रस्ता, क्लासचा रस्ता, दळप टाकायला कुठं जायचात, सायकल पंक्चर कुठं काढायचात, कुठल्या गल्लीतनं जायला घाबरायचात (कुत्र्यामुळं असो नाहीतर दुसऱ्या पेठेच्या पोरांमुळं), सगळं टाका. अंतरं चुकतील, चुकूद्यात. शिवाजी पेठेतला माणूस राजारामपुरी कागदाच्या पार कडेला काढतो, कारण त्याच्या लेखी ते परगावच होतं. ह्या नकाशात चुका कुठं आहेत हेच नंतर बघायला मजा येते.

मग घरचे अल्बम. लग्नातले, बारशातले फोटो लोक माणसं बघायला उघडतात, तुम्ही मागचं बघा. काकाच्या खांद्यामागं कुठलं दुकान आहे, पाटीवर काय लिहिलंय, रस्त्यावर सायकली किती आणि स्कूटर किती. फोटो अल्बममधनं ओढून काढू नका, चिकटलेला असतो, फाटतो. खिडकीजवळ दिवसाउजेडी, फ्लॅश बंद ठेवून, मोबाईल बरोब्बर वर धरून फोटो काढा, आणि मागं कुणी तारीख लिहिली असेल तर त्या बाजूचाही काढा. व्हॉट्सअ‍ॅपवरनं पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर मागची पाटी वाचायची म्हणून झूम केलं की नुसती खिचडी दिसते. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आई-वडील, आत्या, मामा जे कोण असतील त्यांना शेजारी बसवून हे करा, आणि कोण कोण ते त्याच दिवशी लिहून घ्या. "लिहू की नंतर" म्हणून राहिलेलं कुणाच्याच घरात लिहून झालेलं नाही.

कॉम्प्युटर असेल तर गुगल अर्थमध्ये जुनी उपग्रहचित्रं बघायची सोय आहे, वर्ष मागं मागं सरकवत जायचं. साधारण गेल्या वीसेक वर्षांचं मिळतं. कळंबा, पाचगाव, उजळाईवाडीच्या बाजूला शेत कधी संपलं आणि पत्रे-स्लॅब कधी चालू झाले ते सरळ दिसतं. महापालिका १९७२ ची, हद्दवाढीचं भांडण तेव्हापासनं चाललंय, पण घरांनी काय हद्द विचारली नाही, ती गेली पुढं.

कधी जायचं

दिवाळीत नको. महाद्वार रोडला पाऊल ठेवायला जागा नसते आणि घरचे फराळात अडकलेले असतात.

जमलं तर आषाढात जा. पंचगंगेला नवं पाणी आलं की गल्ल्या-गल्ल्यातनं ते कलशात भरून टेकडीवरच्या टेंबलाई देवीला घालायला नेतात, मंगळवारी आणि शुक्रवारी, पुढं पी-ढबाक (आमच्याकडचं पारंपरिक वाजप) वाजतोय, बायका डोक्यावर कलश घेऊन, पोरं नाचतायत, मागं केएमटीची बस अडकून पडलीय आणि ड्रायव्हर पण उतरून बघत उभा. यातलं नदी, टेकडी, पाणी आणि पी-ढबाक काही बदललेलं नाही, मधला रस्ता तेवढा पार ओळखू येणार नाही इतका बदललाय. बदल मोजायचा तर असं एक टोक पक्कं हवं.

दुसरी वेळ किरणोत्सवाची. ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी. मावळतीची किरणं महाद्वारातनं आत येऊन पहिल्या दिवशी अंबाबाईच्या पायावर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी चेहऱ्यावर. देवदर्शन म्हणून जाच, पण शहर कसं वाढलं ते समजून घ्यायचं असेल तर ह्याच्याइतकं चोख माप नाही. रंकाळ्याच्या बाजूनं देवळापर्यंत सूर्याची वाट मोकळी राहिली तरच किरणं पोचतात. मधे कुणी मजला चढवला, पत्रा ठोकला, हवेत धूळ-धूर असला की अडलं. त्यामुळं दरवर्षी "यंदा किरणं पोचली का" हा प्रश्न असतो आणि त्यावरनं कुठलं बांधकाम आड येतंय ह्याची चर्चा होते. बांधणाऱ्यानं सूर्याचा हिशोब शेकडो वर्षांपूर्वी केला आणि आपण त्या वाटेत पाण्याच्या टाक्या बसवल्या, कमाल आहे.

पायी फिरायचं, आणि तळी शोधत फिरायचं

आता मुख्य काम. गाडी लांब लावा, बिंदू चौकात जागा मिळेल ह्या आशेवर राहू नका. सकाळी लवकर चालायला लागा.

आपण म्हणतो आमच्या लहानपणी रंकाळा किती स्वच्छ होता, केंदाळ (जलपर्णी) नव्हतं वगैरे. पण कोल्हापूर हे एका तळ्याचं गाव नव्हतंच, अख्ख्या गावभर तळी होती आणि त्यातली बरीचशी तुमचा-माझा जन्म व्हायच्या आधीच बुजवून झाली होती. म्हणजे ज्याला आपण "जुनं कोल्हापूर" म्हणून कुरवाळतो तेच मुळात तळी बुजवून झालेलं कोल्हापूर आहे! हे एकदा डोक्यात बसलं की फिरण्याचा सूरच बदलतो.

सुरुवात शाहू स्टेडियमपासनं करा. इथं रावणेश्वर तळं होतं, देऊळ अजून आहे, तळ्याचं मैदान झालं. आत डोकावून बघा, प्रेक्षकांचे कट्टे चढत गेलेत आणि मैदान खाली आहे. तिथनं पुढं खासबाग. शाहू महाराजांच्या काळातलं १९१२ चं मैदान, मधे हौदा खोलात आणि भोवती चढण, कुठंही बसा कुस्ती दिसते. खासबागेला लागूनच केशवराव भोसले नाट्यगृह, मूळचं पॅलेस थिएटर. ८ ऑगस्ट २०२४ ला रात्री ते जळालं, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. त्या रात्री तिथं उभी असलेली मोठी मोठी माणसं रडत होती. नंतर जो तो आपला तिथला जुना फोटो शोधत बसला आणि बहुतेकांकडं निघाले ते स्टेजवरचे बक्षीस घेतानाचे. बाहेरची पायरी, तिकिटाची खिडकी, आतली खुर्ची, असले फोटो फारसे कुणाकडं नाहीत. तेव्हा ह्या फेरीत असल्या फालतू वाटणाऱ्या गोष्टींचे फोटो आवर्जून काढा: गल्लीतला नळ, जिन्याचा कठडा, किराणा दुकानाचं फळकूट, शाळेची घंटा.

मिरजकर तिकटीवरनं सरळ बिनखांबी गणेश मंदिर, मग कपिलतीर्थ. कपिलतीर्थ मार्केटात भाजी घेताना आपण तळ्यात उभे आहोत हे कुणाला सांगून पटत नाही, पण तीर्थ हा शब्द काय मेथीच्या पेंडीवरनं आलेला नाही. तिथनं शिवाजी पेठेकडं आलं की वरुणतीर्थ, म्हणजे आत्ताचं गांधी मैदान. हे पावसाळ्यात बघायचं. जोराचा पाऊस झाला की मैदानाचं परत तळं होतं, सभा रद्द, क्रिकेट रद्द. आमच्या गल्लीतल्या आण्णांना मी एकदा विचारलं होतं, "आण्णा, तुम्ही बघितलंय काय हो हे तळं?" तर म्हणाले, "मी कुठला बघतोय, बुजवलं तवा मी न्हाई. पर पाण्याला म्हाईत हाय की त्याचं घर." एवढं बोलून त्यांनी परत पेपर उघडला.

शेवट रंकाळ्यावर. तिथं पाण्यातला जुना दगडी संध्यामठ किती उघडा पडलाय त्यावरनं पाण्याची पातळी कळते. जुना फोटो असेल तर नेमकं त्याच जागी उभं राहून तोच काढा. जागा जुळवायची युक्ती अशी, की न हलणाऱ्या दोन गोष्टी धरायच्या, एक जवळची एक लांबची, समजा संध्यामठ आणि मागचा शालिनी पॅलेस, आणि दोन्ही जुन्या फोटोतल्यासारख्या एकमेकांच्या पुढं-मागं येईपर्यंत सरकत राहायचं. झाडांवर भरवसा ठेवू नका, ती वाढतात आणि तोडलीही जातात. हौस असेल तर दुसऱ्या दिवशी कोटितीर्थ करा, ते तळं अजून आहे, आणि कळंबा. एके काळी गावाला पाणी कळंब्याचं, आता काळम्मावाडी धरणाच्या थेट पाईपलाईनचं, जी येणार येणार म्हणत २०२३ च्या दिवाळीत आली.

नदीचं वेगळं. पुराच्या खुणा गंगावेस, शुक्रवार पेठ, शाहूपुरीतली कुंभार गल्ली असल्या भागात भिंतींवर शोधा, २००५, २०१९, २०२१. कुणी रंगानं रेघ मारलीय, कुणाच्या भिंतीवर ओल धरलेली आहे ती आहे. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका हे इथल्या शाळकरी पोराला पाठ असतं. तुम्ही बाहेर राहून विसरला असाल तर आधी उजळणी करा, कारण पावसाळ्यात कुणाशीही बोलणं "पाणी किती फूट?" नंच चालू होतं.

नावं

केएमटीत बसा आणि कंडक्टर काय ओरडतोय ते ऐका. उमा टॉकीज, व्हीनस कॉर्नर, शाहू मिल. थेटरात पिक्चर लागो न लागो, गिरणीत सूत निघो न निघो, स्टॉप तोच. चौकाला कितीही मोठ्या माणसाचं नाव देऊन फलक लावला तरी रिक्षावाल्याला सांगताना आपण सवयीचंच नाव सांगतो. अशा नावांची यादी करा आणि प्रत्येकापुढं लिहा, ती वस्तू अजून आहे की नुसतं नाव राहिलंय. माझ्या यादीत नुसती नावं राहिलेलीच जास्त निघाली.

घराचा मागोवा घ्यायचा असेल तर सिटी सर्व्हेचा नंबर लागतो. जुन्या घरपट्टीच्या पावतीवर, नाहीतर आजोबांच्या कागदांच्या पिशवीत ए वॉर्ड, सी वॉर्ड असं काहीतरी आणि पुढं सि.स.नं. लिहिलेला असतो. त्यावरनं प्रॉपर्टी कार्ड काढता येतं, हल्ली ऑनलाईनही, आणि त्यावर जागा कुणाकडनं कुणाकडं गेली ते फेरफार दिसतात. भाऊबंदकीचा काही विषय घरात तापलेला असेल तर मात्र गावी आल्या आल्या प्रॉपर्टी कार्ड मागू नका. तुम्ही आठवणीसाठी काढताय ह्यावर कुणाचा विश्वास बसणार नाही.

वाचायचं असेल तर भाऊसिंगजी रोडला करवीर नगर वाचन मंदिर आहे, १८५० सालचं. टाऊन हॉलचं म्युझियमही बघा, शाळेच्या सहलीनंतर आपण कुणी आत गेलेलो नाही.

माणसांना काय विचारायचं

"आजी, पूर्वीचं कोल्हापूर कसं होतं हो?" असं विचारलं की भाषण मिळतं. माणसं साधी होती, तूप स्वस्त होतं, आताची पिढी मोबाईलमध्ये. तास जातो आणि हातात काही लागत नाही. त्यापेक्षा बारीक प्रश्न विचारा. शाहू मिलचा भोंगा झाला की घरात काय काम सुरू व्हायचं? दूध कुणाकडनं यायचं, गवळी दारात यायचा की तुम्ही कट्ट्यावर जायचात? लग्न झाल्यावर पहिला पिक्चर कुठला बघितला आणि सोबत कोण कोण होतं? पूर आला की कुणाच्या घरी जाऊन राहायचात? असं विचारलं की उत्तरात आपोआप रस्ते, वेळा, नातेवाईक, भांडणं सगळं येतं. पिक्चरच्या प्रश्नावर तर एका काकूंनी मला अख्खा रस्ता सांगितला, कारण सासूला देवळात जातो म्हणून सांगितलेलं होतं आणि देवळावरनंच जायला लागणार होतं, नाहीतर प्रसादाचं कुंकू कुठनं आणणार!

रेकॉर्ड करणार असाल तर आधी विचारा, आणि फोन तोंडासमोर धरू नका, पोह्याच्या ताटलीशेजारी ठेवून द्या. जेवणानंतर दुपारी कुणाकडं जायचं नाही, लोक आडवे झालेले असतात. स्वतःचं जुनं घर बघायला जायचं असेल आणि तिथं आता दुसरं कोणी राहत असेल तर ओळखीचं माणूस सोबत न्या, मोकळ्या हातानं जाऊ नका, आणि आत गेल्यावर "इथं आमचं देवघर होतं, तुम्ही तोडलंत होय" असलं काही बोलू नका. बाहेरनं बघून परत आलात तरी चालतं, मी तेच करतो.

हॉटेलवाल्यालाही "पूर्वीची चव राहिली नाही" हे सांगायला जाऊ नका. तुमची जीभ पण तेव्हाची राहिली आहे काय? बाहेर राहून ज्याला दोन घास मिसळीनंतर दही मागावं लागतं त्यानं कटाबद्दल मत देऊ नये.

जे चालू आहे ते बघा

आठवणीत रमलेल्या माणसाचा एक घोटाळा असतो, चालू असलेली गोष्ट त्याला दिसतच नाही. सीझनमध्ये शाहू स्टेडियमला फुटबॉलची मॅच बघा. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण, त्याच पेठा, त्याच तालमी, त्याच खुन्नस. खेळायला बाहेरची, परदेशी पोरं पण आलीत आणि पेठेनं त्यांना दोन दिवसात आपलं करून टाकलंय. बसताना फक्त आजूबाजूला कुठल्या पेठेची गँग आहे ते बघून टाळी वाजवा.

तालमीत पहाटे जा, परवानगी काढून, चप्पल बाहेर. गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हशी येतात, समोर धार काढून फेसाळ ग्लास हातात देतात, गवळी ग्लासावर हात ठेवून आधी तुमच्याकडं बघतो, पचंल का ह्याला म्हणून. बाहेरून आलेलं ओळखू येतं वाटतं. लहान मुलांना घेऊन जा, त्यांना पिशवीतलंच दूध माहीत असतं.

आणि नवीनही बघा की. २०२५ च्या ऑगस्टपासनं हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालंय, त्यासाठी वकिलांनी किती वर्षं आंदोलन केलं ते तिथल्या चहाच्या टपरीवर ऐकायला मिळेल. टोल नको म्हणून अख्खं गाव रस्त्यावर उतरलं आणि २०१५ च्या शेवटी टोल घालवला, तेव्हा तुम्ही कुठल्या तरी दुसऱ्या शहरात फास्टॅग नसताना लायनीत उभे होता. मागं राहिलेल्यांनी गाव चालवलंय, हे ऐकताना मधे मधे आपली आठवण घुसडायची नाही, गप ऐकायचं.

परत गेल्यावर आठवड्याच्या आत सगळं एका जागी लावा. फोटोच्या नावात जागा आणि वर्ष टाका, वर्ष पक्कं नसेल तर अंदाजे लिहा. कागदावरचा पहिला नकाशा फेकू नका, त्याच्याच शेजारी फिरून आल्यावर दुसरा काढा, आणि दोन्ही गल्लीच्या ग्रुपवर टाका. मग भांडण होणार हे धरून चला. पिठाची गिरणी डाव्या हाताला होती का उजव्या, तिथं आधी सायकलचं दुकान होतं का सलून, "तुला काय माहीत, तू तर चौथीत गेलास पुण्याला" असं सगळं येईल, दोघं ग्रुप सोडतील, संध्याकाळपर्यंत परत येतील. चिडू नका, उत्तरं देऊ नका, जो जे सांगतोय ते त्याच्या नावासकट नकाशात भरत जा. आणि शाईनं नको, पेन्सिलनं भरा, कारण उद्या त्याची बहीण ग्रुपवर येऊन वेगळंच काहीतरी सांगणार आहे.